जुनी, दुर्मीळ फाउंटन पेनं जमवायचीत? आधी भिंग घ्या

पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. असाच एक रविवार. घड्याळांच्या तबकड्या, किल्ल्या नसलेली कुलपं आणि रिमोटांच्या ढिगात एक काळं पेन दिसलं. सोनेरी टोपण, बाणासारखी क्लिप, झाकलेली निब. विकणारा म्हणाला, "ओरिजिनल पार्कर आहे साहेब, साडेतीन हजार." मी घासाघीस केली आणि बावीसशेला घेतलं. स्वस्तात मिळालं म्हणून घरी येईपर्यंत चारदा खिसा चाचपला. घरी खिडकीशी धरून पाहिलं, तर टोपणाच्या कडेला बारीक चिनी अक्षरं. पेन 'हीरो'चं होतं. लिहायला बरं होतं, पण पार्कर नव्हतं.

त्या विकणाऱ्यावर माझा राग नाही, त्यालाही माहीत नसावं. चूक माझी. ती अक्षरं बाजारातही तिथेच होती, फक्त माझ्याकडे पाहायला काही नव्हतं. म्हणून या छंदातली पहिली खरेदी पेनाची नसावी. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग आधी घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्या भरवशावर आहेत.

पहिली पायरी: बाजाराआधी घर

महागडी परदेशी पेनं आपल्याकडे यायची ती बहुधा लग्नात, परीक्षेत पहिलं आल्यावर किंवा निवृत्तीच्या समारंभात. ती वापरली कमी जायची, जपून जास्त ठेवली जायची. आजोबांच्या कपाटाचा खण, शिवणाच्या मशीनचा ड्रॉवर, जुन्या पत्र्याचा डबा, देवघराखालचं कपाट हे सगळं एकदा बघून घ्या. काका-मामांना विचारा. "ते काय, कधीचं बंद पडलंय" असं उत्तर आलं तर खूश व्हा, कारण बंद पडलेलं पेन बहुतेक वेळा कोणी खोलून बिघडवलेलं नसतं.

घरच्या पेनांची एक खूण मला फार आवडते. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला पुस्तकांशेजारी पेनंही मांडली जातात. त्यामुळे क्लिपच्या खाली, टोपणाच्या कड्यांच्या खाचेत वर्षानुवर्षांचं हळद-कुंकू बसलेलं असतं. ते सुईने टोकरू नका. बोथट दातकोरणं जरा ओलं करून हलक्या हाताने फिरवा. फिकट रंगाच्या पेनावर हळदीचा डाग पडला असेल तर तो राहू द्या. डागासकट पेन चांगलं, घासून निस्तेज केलेलं वाईट.

दुसरी पायरी: एक घराणं धरा

नवखा माणूस दिसेल ते घेतो. वर्षभरात वीस पेनं होतात आणि एकाचीही नीट ओळख होत नाही. गाणं शिकताना आधी एक घराणं धरतात, तसं इथेही धरावं. माझा सल्ला सरळ आहे: सुरुवात पार्कर ५१ पासून करा.

हे पेन अमेरिकेत १९४१ साली बाजारात आलं. तोवरच्या पेनांची निब उघडी असायची. याची निब जवळजवळ पूर्ण कवचाखाली, फक्त टोक बाहेर. शाई निबेवर वाळू नये म्हणून ही युक्ती. बॅरल, म्हणजे पेनाचं पोट, ल्युसाइट नावाच्या टणक ॲक्रिलिकचं. ते सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकसारखं आकसत नाही की एबोनाईट या कडक रबरासारखं विटत नाही. मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्यावर आयझेनहॉवरने दोन पेनं इंग्रजी 'व्ही'च्या आकारात धरून फोटो काढून घेतला, ती पार्कर ५१ च होती. हे पेन दुर्मीळ मुळीच नाही, आणि नवशिक्याला नेमकं तेच हवं. भरपूर बनल्यामुळे तुलनेला नमुने मिळतात, सुटे भाग मिळतात आणि चूक झाली तरी दिवाळं निघत नाही. आपल्याकडे इंग्लंडच्या न्यूहेवन कारखान्यातली ५१ बरीच सापडतात.

मग दुर्मीळ काय? त्याच ५१ मधले काही रंग. 'प्लम' हा जांभळट रंग, किंवा 'नासाउ ग्रीन' हा हिरवा. काळं आणि गडद मरून शेकड्याने दिसतील, प्लम वर्षात एखादं दिसेल. पहिल्या काळातली दोन्ही टोकांना 'खडा' असलेली ५१. पूर्ण सोन्याची 'प्रेसिडेन्शियल'. म्हणजे दुर्मीळपणा नावात नसतो, तपशिलात असतो, आणि तपशील कळायला आधी साधी पेनं हाताखालून जावी लागतात.

एकदा डोळा तयार झाला की वर चढा. पार्करचंच 'ड्युओफोल्ड' १९२१ मध्ये ७ डॉलरला निघालं. सुरुवातीला केशरी-लाल एबोनाईटचं, जाडजूड, लोक त्याला 'बिग रेड' म्हणत. १९३३ च्या 'व्हॅक्युमॅटिक'मध्ये सेल्युलॉइडच्या रंगीत आणि पारदर्शक चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. उजेडात धरलं की आतली शाई दिसते. जुन्या शाईने या चकत्या पिवळट-तपकिरी होतात, म्हणून जाणकार आधी पेन दिव्यासमोर धरतात. जितकं आरपार दिसेल, तितका भाव.

शेफरच्या उंची पेनांच्या टोपणावर १९२४ पासून पांढरा ठिपका असतो. शेफरचंच १९५२ चं 'स्नॉर्केल' निबेखालून बारीक नळी बाहेर काढून शाई पितं. बघायला गंमत, उघडायला डोकेदुखी. पहिल्या वर्षी लांबूनच नमस्कार करावा.

जर्मनीत पेलिकनने १९२९ मध्ये पिस्टनचं पेन आणलं. मागची गुंडी फिरवायची की शाई आत. माँ ब्लाँचं जाडं १४९ हे १९५२ चं. निबेवर कोरलेला ४८१० हा आकडा माँ ब्लाँ शिखराच्या उंचीचा, मीटरमध्ये. सगळ्यात वरच्या पायरीवर जपानचं नामिकी. लाखेच्या थरांवर सोन्याची भुकटी पेरून चित्र काढायची तिथली माकी-ए कला त्यांनी पेनावर आणली आणि १९३० मध्ये लंडनच्या डनहिलशी करार करून ती पेनं जगभर विकली. त्यांवर कारागिराची सही असते. ही पेनं मी काचेपलीकडूनच पाहिली आहेत, तेव्हा त्यावर बोलणं इथेच थांबवतो.

भारतीय पेनांना कमी लेखू नका. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी स्वदेशीच्या काळात हाताने कातलेली एबोनाईटची पेनं बनवली आणि ती गांधीजींपर्यंत पोचली. भारतीय पेनांचा संग्रह हा वेगळाच, तुलनेने स्वस्त आणि अजून फारसा न उपसलेला प्रांत आहे.

तिसरी पायरी: पेन हातात आल्यावर

या पायरीवर घाई करणाऱ्याचे पैसे बुडतात. माझा क्रम सांगतो. बाजारात उभ्याने पाच-सात मिनिटं लागतात. विकणारा वैतागला तर पेन खाली ठेवायचं.

आधी टोपण काढताना कान द्या. फिरवून काढायचं की ओढून, हे पाहिल्याशिवाय जोर लावू नका. फिरकीचं टोपण ओढलं तर आटे जातात. टोपणाची उघडी कड नीट पहा. सगळ्यात जास्त भेगा तिथेच असतात, केसाएवढ्या. भिंगातून बघत कड उजेडात हळूहळू पूर्ण फिरवा. भेग असेल तर एका कोनात चमकून जाते, दुसऱ्या कोनात दिसतही नाही. शंका आली की नख आडवं फिरवा. ५१ मध्ये निबेवरच्या कवचाचं टोकही असंच तपासा.

मग ठसा. बॅरलवर कंपनीचं नाव, गाव, पेटंट कोरलेलं असतं. अक्षरांच्या कडा धारदार असतील तर उत्तम. नाव वाचता येतं पण कडा गोल झाल्यात, म्हणजे कोणीतरी मशीनवर पॉलिश मारलंय. पेन आरशासारखं चकाकत असेल आणि ठसा बुजलेला असेल तर भाव निम्मा करा किंवा सोडा. गेलेला ठसा परत येत नाही.

अमेरिकन पार्करवर ठशाजवळ एक बारीक आकडा आणि त्याभोवती ठिपके असतात. आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. ठिपके तिमाही सांगतात: तीन असले तर पहिली, दोन असले तर दुसरी, एक असला तर तिसरी, एकही नसला तर चौथी. वर्षभर तोच छाप वापरत आणि दर तिमाहीला एक ठिपका घासून काढत. माझ्याकडच्या एकावर ४ आणि दोन ठिपके आहेत. पण १९४४ की १९५४? ते शाई भरायच्या यंत्रणेवरून ठरतं. अमेरिकन ५१ मध्ये १९४८ पर्यंत मागे दाबायची दट्ट्याची, व्हॅक्युमॅटिक यंत्रणा होती. त्यानंतर बॅरल उघडून आतली नळी दाबायची. माझ्या पेनाला दट्ट्या आहे, म्हणजे १९४४ ची दुसरी तिमाही. युद्ध चालू असतानाचं पेन. हा छोटा हिशोब पहिल्यांदा जमला, त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने अडकलो.

आता निब. ती उजेडासमोर धरून मधली चीर पहा, सरळ आणि टोकाकडे निमुळती हवी. टोकावर एक बारीक कठीण मणी असतो, त्याला लोक सवयीने इरिडियम म्हणतात. मण्याचे दोन्ही अर्धे सारखे आहेत का? एक झिजून चपटा झालाय का? जुना मालक पेन तिरकं धरत असेल तर मणीही तिरका झिजतो. निब वाकलेली असेल तर सरळ होते. मणीच गेला असेल तर नवा बसवून देणारा कारागीर शोधण्यात वर्ष जातं.

निबेवर नाव वाचा. पार्करच्या पेनावर फक्त 'वॉरंटेड १४ के' लिहिलेली निब असेल तर ती नंतर घातलेली आहे. 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असेल तर ती अलीकडची साधी पोलादी निब, मग पेन कोणाचंही असो. टोपण एकाचं, पोट दुसऱ्याचं, निब तिसऱ्याची अशी पेनं खूप फिरतात. त्याला आम्ही खिचडी म्हणतो. लिहायला खिचडी चालते, संग्रहात नाही.

शेवटी पेन कानाशी हलकंच हलवा. आत खडखड झाली तर सॅक, म्हणजे शाई साठवायची रबरी पिशवी, वाळून तिचे तुकडे झालेत. घाबरू नका, ते दुरुस्त होतं. उलट पिस्टनचं पेन असेल आणि गुंडी घट्ट असेल तर फिरवून बघायचा मोह आवरा. पेलिकन १०० च्या सुरुवातीच्या पेनांत पिस्टनला बुचाच्या लाकडाचं सील असतं. सत्तर-ऐंशी वर्षांत ते वाळून चिकटतं. जोर लावला की आतला दांडा तुटतो, आणि तो तुमच्या हातात तुटलेला असतो.

चौथी पायरी: सोन्याचं गणित

विकणारा "सोन्याचं टोपण" म्हणाला की भिंग काढा. टोपणाच्या कडेला '१/१० १२ के जी. एफ.' असं काहीसं दिसेल. याचा अर्थ टोपणाच्या धातूच्या वजनाचा दहावा भाग १२ कॅरट सोनं, आणि १२ कॅरट म्हणजे निम्मंच शुद्ध. दहाव्याचा निम्मा, म्हणजे शेकडा ५. टोपणाचा पत्रा दहा ग्रॅमचा धरला तरी शुद्ध सोनं अर्धा ग्रॅम. हा मुलामा नाही, पत्रा दाबून बसवलेला असतो, त्यामुळे चांगला टिकतो. पण सोन्याच्या भावाने त्याची किंमत लावू नये. इंग्लंडच्या ९ कॅरटच्या घन सोन्याच्या पेनांवर सरकारी हॉलमार्क आणि ३७५ हा आकडा असतो. चांदीवर 'स्टर्लिंग' किंवा ९२५.

निबेवर १४ के किंवा ५८५ असेल तर ती १४ कॅरट, ७५० म्हणजे १८. बहुतेक निबांत सोनं एक ग्रॅमही भरत नाही. तरीही काही जण "खरं आहे का बघू" म्हणून निब सराफाकडे नेतात आणि तो ती कसोटीवर घासतो. कृपा करून हे करू नका. चिमूटभर सोनं तपासताना पेनाचा जीव जातो.

धातूमुळे किंमत वाढल्याचं एक उदाहरण मात्र सांगण्यासारखं. १७१५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर स्पॅनिश जहाजांचा ताफा वादळात बुडाला. त्यातून वर काढलेली चांदी पार्करने घेतली आणि १९६५ मध्ये तिची पार्कर ७५ बनवली, फक्त ४,८२१. साधं चांदीचं ७५ दिसायला बरंचसं तसंच असतं आणि कितीतरी स्वस्त मिळतं. तेव्हा कोणी 'जहाजातल्या चांदीचं' म्हणून दाखवलं तर आधी बॅरल वाचा, गोष्ट नंतर ऐका.

पाचवी पायरी: कुठे घ्यायचं

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार शिकायला उत्तम, पैज लावायला वाईट. तिथे दहा रविवार नुसते बघत फिरा. अब्दुल रहमान स्ट्रीटसारख्या पेनांच्या जुन्या बाजारात अनेक वर्षांच्या दुकानांत न विकलेला माल कधी कधी कोपऱ्यात पडून असतो. दुकानदार काकांशी ओळख वाढवा, एक शाईची दौत घ्या, चहा प्या, आणि मग तिसऱ्या भेटीत "काही जुनं पडलंय का?" विचारा. पहिल्याच भेटीत विचारलं तर "नाही" हेच उत्तर मिळतं. आमच्याकडची रीत आहे ती.

ऑनलाइन घेताना फोटो मागून घ्या: निबेची वरची आणि खालची बाजू, टोपणाची कड जवळून, ठसा, क्लिप, बॅरलचं मागचं टोक. "शाई भरून चालवून पाहिलंय का, की नुसतं शाईत बुडवून?" हा प्रश्न हमखास विचारा. बुडवून कुठलंही पेन लिहितं. "भेग नाही" हे लेखी घ्या. परत घेणार का, हेही. परदेशातून मागवलं तर कस्टमची ड्युटी आणि कुरिअरचा खर्च धरूनच किंमत लावा.

भावाचा अंदाज असा बांधा: काम करून चालू केलेलं, खात्रीचं साधं पार्कर ५१ जाणकार विक्रेत्याकडे साधारण आठ ते पंधरा हजारांत मिळावं. बाजारात बंद अवस्थेत ते हजार-दोन हजारांतही सापडतं. पहिलं पेन मात्र चालू केलेलंच घ्या, जरा जास्त देऊन. चांगलं पेन कसं लिहितं हे बोटांना कळल्याशिवाय बिघडलेलं ओळखता येत नाही.

सहावी पायरी: धुणं आणि दुरुस्ती

इथे माझी दुसरी चूक सांगतो. नव्वद-शंभर वर्षांचं एक एबोनाईटचं पेन मिळालं होतं, नक्षीदार, काळंभोर. आत वाळलेली शाई. रात्रभर भांड्यात भिजत घातलं. सकाळी बाहेर काढलं तर अर्धं काळं, अर्धं शेणाच्या रंगाचं. एबोनाईट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि वर्षं यांनी त्याचा पृष्ठभाग आतून सैल झालेला असतो, पाणी लागलं की तो तपकिरी पडतो. एबोनाईट ओळखायचं तर अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, गंधकाचा येतो. सेल्युलॉइड चोळलं की कापराचा येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. वास घेतल्याशिवाय पाण्याजवळ नेऊ नका. एबोनाईटच्या पेनाची फक्त निब आणि तिच्याखालची जीभ पाण्यात धरावी, अंग कोरडं ठेवावं.

धुवायला साधं गार पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब. गरम पाणी नको. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांतलं काहीही नको. सेल्युलॉइड त्यात अक्षरशः विरघळतं. ५१ ची आतली नळी १९४८ नंतरच्या पेनांत टिकाऊ प्लॅस्टिकची आहे, ती बहुधा अजून धडधाकट असते. पाण्यात निब बुडवून नळीवरची पट्टी दाबा. बुडबुडे आले तर नळी ठीक आहे. मग पाणी निळं यायचं थांबेपर्यंत भरा आणि रिकामं करा. एकदा माझं तीन दिवस चाललं.

लिव्हरच्या पेनात, म्हणजे बॅरलला बाहेरून उचलायची छोटी दांडी असते त्यात, रबरी सॅक बदलणं हे शिकायचं पहिलं काम. या सरावाला पेन अगदी स्वस्त घ्या, फुटलं तरी चालेल असं.

निब असलेला पुढचा भाग बॅरलमध्ये लाखेने चिकटलेला असतो. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा जोडावर द्या, पेन सतत फिरवत. मेणबत्ती, लायटर, गॅस कधीही नाही. सेल्युलॉइड पेट घेतं, आणि भुरकन जळतं. बोटाला सोसेल इतकं गरम झालं की दोन्ही बाजू धरून हलकं हलकं हलवा. निघालं नाही तर पुन्हा हवा. यात माझी अर्धी संध्याकाळ जाते, आणि जाऊ द्यावी.

निघालं की आतले सॅकचे तुकडे झटका, मागच्या टोकावर चिकटलेलं जुनं रबर खरवडा. नव्या सॅकचा आकडा म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग: १६ नंबरची सॅक १६/६४, म्हणजे पाव इंच. बॅरलमध्ये सैलसर जाईल ती निवडा. चिकटवायला परदेशी लोक बाटलीतलं शेलॅक मागवतात. आपल्याला गरज नाही. फर्निचर पॉलिशवाले वापरतात ती चपडा लाख हार्डवेअरच्या दुकानात मिळते. थोडी स्पिरिटमध्ये विरघळवा, तेच ते. फेव्हिक्विक नको, कारण पुढच्या माणसालाही हे पेन उघडायचं आहे. लाख लावून सॅक चढवा, चोवीस तास हात लावू नका. मग सॅकवर बिनवासाची टॅल्क पावडर फासा आणि पेन बंद करा.

व्हॅक्युमॅटिकचा पडदा, स्नॉर्केल, बुचाचं सील ही कामं जाणकाराकडे द्या. मी अजूनही देतो.

सातवी पायरी: शाई

धुता येणारी साधी निळी शाई वापरा. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत ज्या धंद्याची सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅमलची शाई आली. शाळेत आपल्या सगळ्यांच्या बोटांना लागलेली रॉयल ब्ल्यू जुन्या पेनांनाही मानवते. ड्रॉइंगची काळी शाई मात्र कधीच नको, ती पेनात सिमेंटसारखी बसते. जुन्या दौतीतली पार्करची '५१' शाई सापडली तर दौत ठेवा, शाई वापरू नका. ती तेव्हाही इतर पेनांना घातक होती आणि कंपनीच तसं दौतीवर छापायची.

आठवी पायरी: ठेवायचं कसं

मुंबईत आणि कोकणात पावसाळा हा या छंदाचा वैरी. पोलादी क्लिपा आणि लिव्हर गंजतात, डब्याला बुरशी येते. कपड्याच्या पट्टीत गुंडाळून, सिलिका जेलची पुडी ठेवून, महिन्यातून एकदा उघड्यावर काढा. मात्र सेल्युलॉइड घट्ट बंद प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडू नका. त्याचे वायू बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर एक पेन सडायला लागलं की शेजारचीही सडवतं. सेल्युलॉइडची पेनं वेगळ्या खणात ठेवा.

रबरबँडने पेनं बांधणं अनेक घरांत दिसतं. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि जेड हिरव्यासारखं फिकट सेल्युलॉइड तपकिरी होतं. टोपण आणि बॅरलचा वेगवेगळा रंग कित्येक पेनांत याचमुळे दिसतो, आतल्या सॅकच्या रबराने बॅरल विटलेलं असतं. तो रंग परत येत नाही. कोणी "पॉलिशने उजळवून देतो" म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

वापरात नसलेलं पेन रिकामं करून, धुऊन ठेवा. वापरातलं असेल तर निब वर करून उभं ठेवा.

नववी पायरी: वही

साधी दोनशेपानी वही पुरते. प्रत्येक पेनाला एक पान: कधी घेतलं, कुठे, किती पैसे, ठसा जसा आहे तसा उतरवून, निबेवरची अक्षरं, काय बदललं आणि कोणी बदललं. शेवटी त्याच पेनाने चार ओळी लिहा. दोन वर्षांनी ती लिखाई पाहिली की निब झिजली की बिघडली हे कळतं. पान फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा, आणि घरात एकाला तरी सांगून ठेवा की हे काय आहे. नाहीतर आपल्यामागे हा डबा किलोच्या भावाने त्याच जुन्या बाजारात जायचा.

माझ्या वहीच्या अकराव्या पानावर एक गडद निळं ५१ आहे, इंग्लंडचं. बॅरलवर कोणा साहेबांचं आडनाव, 'सप्रेम भेट' आणि १९६८ कोरलेलं. नाव कोरलं की बाजारात भाव पडतो, म्हणून मला ते बरंच स्वस्त पडलं. विकणाऱ्याने "पॉलिश मारून नाव घालवून देतो, शंभर रुपयांत" असंही सुचवलं. पानाच्या खाली मी लाल शाईत लिहून ठेवलंय: ठसा चांगला, निब मध्यम, टोपणाला एक पोचा, नाव घालवायचं नाही.